दंड खांद्यापाशी मोडला: प्लेट, उलटा सांधा की नुसती झोळी?

केळीबाग_रावेर: आमची माय, वय ७१, ओट्यावरून घसरली. हाडाचे चार तुकडे. जळगावला दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणे प्लेट-स्क्रू, दीड लाख. दुसरा म्हणे रिव्हर्स सांधा, म्हणजे कृत्रिम उलटा सांधा, गोळा खांद्याच्या फऱ्यावर अन् वाटी दंडावर, सव्वातीन लाख. माझं मत सांध्याकडे. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही, दंडाच्या वरच्या टोकाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर तो मरतो, मग पुन्हा टेबलावर. स्वस्तात घ्यायचं अन् दोनदा भरायचं.

धुळेकर_आप्पा: भाऊ, झोळीचा हिशोबच केला नाही तुम्ही! असाच दंड मोडलेल्यांवरचा ब्रिटनमधला प्रोफर (ProFHER) अभ्यास २०१५ साली आला. २५० पेशंट, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना झोळी. दोन वर्षांनी खांदे सारखेच. मग लाख कशाचे?

केळीबाग_रावेर: आप्पा, त्यात बहुतेक प्लेटाच होत्या, रिव्हर्स नाही. शिवाय सांधा निखळलेले पेशंट त्यांनी घेतलेच नव्हते.

धुळेकर_आप्पा: मग निखळलाय का ते आधी बघा ना. कोटेशन नंतर.

भुसावळ_जंक्शन: काय भो, दोघं भांडताय, पण बिल फुगतं कुठे? इम्प्लांटमध्ये, म्हणजे आत बसवायच्या सांध्या-प्लेटमध्ये. गुडघ्याच्या सांध्याला सरकारनं २०१७ ला कमाल किंमत बांधून दिली, खांद्याला नाही. इम्प्लांटचा आकडा वेगळा लिहून मागा, देशी की परदेशी ते विचारा, पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. अन् सरकारच्या फुले आरोग्य योजनेत बसतं का तेही आधीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

फिजिओ_चोपडा: झोळी फुकट नसते, आप्पा. वेळेत हलवला नाही तर खांदा आखडतो. माझ्याकडे खेड्यावरून येणारे चार खेपा करतात, मग केळीची कापणी लागली की गायब. आणणाऱ्याचा रोज बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. हा खर्च प्लेटवाल्यालाही आहे, सांधेवाल्यालाही. कोणी धरतच नाही.

धुळेकर_आप्पा: हे मान्य ताई. तरी लाखापेक्षा कमीच.

केळीबाग_रावेर: इम्प्लांटचा आकडा मागितला. सव्वातीनपैकी एक लाख साठ हजार नुसता सांधा! सोमवारी सीटी स्कॅन आहे. निखळलेला नसेल तर दुसऱ्यांदा विचार करू. माय मात्र एकच म्हणते, “मले भाकर थापता आली पाहिजे.”

फिजिओ_चोपडा: भाकर थापायला हात डोक्यावर न्यावा लागत नाही, दादा.

केळीबाग_रावेर: कळण्याच्या पिठाचा डबा वरच्या फळीवर असतो, ताई.

धुळेकर_आप्पा: मग डबा खाली ठेवा की!