गाडीचा एसी लावला की कुबट वास येतो, मदत हवी आहे

आंबटचुका:

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, पण एक धागा नव्या गाडीच्या प्लास्टिकच्या वासाचा सापडला आणि दुसरा फ्रिजमधल्या लसणीचा. म्हणून हा नवा काढतेय.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेत. राहायला मुलुंड पूर्वेला, पार्किंग सोसायटीत उघड्यावर, तेही भल्यामोठ्या पर्जन्यवृक्षाखाली. रोजचं जाणं विक्रोळीपर्यंत, म्हणजे वीस मिनिटं. हायवे तुंबला तर चाळीस.

सकाळी एसी लावला की पहिली दोनेक मिनिटं भयंकर कुबट वास येतो. जुलैत घरातल्या दोरीवर तीन दिवस लोंबकळूनही न वाळलेली जीन्स असते ना, तसा. नंतर वास कमी होतो, की माझंच नाक मरतं, कोण जाणे. कारण वाटेत कुणी बसलं की त्यांना तो येतोच. मागच्या रविवारी आई बसली आणि दार लावायच्या आत म्हणाली, "अगं, गोणपाट भिजत घातलंयस का गाडीत?" बाबांना दमा आहे, ते काच खाली करून बसले आणि भिजले.

आतापर्यंत केलेले उद्योग: लिंबाच्या वासाची जेलची डबी लावली. आता ओल्या जीन्सवर कुणीतरी लिंबू पिळल्यासारखं वाटतं. एसीचा फिल्टर बदलला, जुना काळाकुट्ट निघाला, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. एका गॅरेजवाल्याने "गॅस कमी आहे मॅडम" म्हणून गॅस भरून दिला, २२०० रुपये. वास जैसे थे. दुसरा म्हणतो डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल बाहेर काढायला लागेल, साडेआठ हजार. डॅशबोर्ड एकदा उतरवला की गाडी जन्मभर खडखडते असं ऐकून आहे, त्यामुळे धीर होत नाही.

डॅशबोर्ड न उतरवता काही होतं का? आणि हा वास बाबांना बाधेल का?

लोकलवाला:

ट्रेनने जा. एसी लोकलमध्ये वास येत नाही असं नाही, पण तिथे साडेआठ हजार आपण द्यायचे नसतात.

जुना पाना:

ताई, आधी गॅसचं सांगतो. गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, तुमच्या नाकाशी त्याचा संबंध नाही. गॅस कमी असेल तर गारवा कमी होईल, कुबट वास येणार नाही. ते २२०० गेले असं समजा.

वास येतो तो कॉइलवरून. चालू एसीत कॉइलचं तापमान शून्याच्या थोडंच वर असतं. आपली पावसाळी हवा त्यावरून गेली की बर्फाच्या ग्लासला बाहेरून सुटतं तसं पाणी सुटतं, नुसतं गळत असतं. ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. तुम्ही वीस मिनिटांत ऑफिसला पोचता, किल्ली फिरवता, आणि कॉइल चिंब ओली, बंद अंधाऱ्या पेटीत, वर धूळ बसलेली. बुरशीला आणखी काय हवं?

आता तीन गोष्टी बघून सांगा. एक, एसीचं बटण बंद ठेवून नुसता ब्लोअर लावल्यावर वास येतो का. दोन, एसी दहा मिनिटं चालवून गाडी उभी केल्यावर खाली पाणी टपकतं का. या दिवसांत टपकलंच पाहिजे, नाही टपकलं तर ती चांगली बातमी नाही. तीन, पुढच्या डाव्या सीटसमोरची रबरी मॅट उचला, खालच्या कार्पेटवर वर्तमानपत्र ठेवून पायाने जोरात दाबा. कागद ओला झाला तर मला लगेच कळवा, डॅशबोर्डवाल्याला नको.

दम्याबद्दल मी बोलणं बरं नाही, डॉक्टरांना विचारा. पण बुरशी दमेकऱ्याला त्रास देते हे खरं. वास जाईपर्यंत त्यांना या एसीपुढे बसवू नका.

भांडुपची:

माझ्याकडे वासाचं कारण उंदीर निघालं होतं. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथून आत शिरून फिल्टर कुरतडला आणि त्याचीच गादी करून राहिला. पर्जन्यवृक्षाखाली पार्किंग आहे म्हणता, तर तिथली पानं आधी काढा. तिथे पाचोळा कुजला की बाहेरची हवा त्याच्यातूनच आत येते.

डाव्या हाताला:

मॅडम, गाडी कधी साचलेल्या पाण्यातून नेली होती का? माझी २६ जुलै २००५ ला कलिन्याला सीटपर्यंत बुडली होती. त्या दिवशी शेजारच्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्यामुळे गाडीला दोष देत नाही. पण तो वास मरेपर्यंत गेला नाही. गाडी मरेपर्यंत म्हणतोय.

आंबटचुका:

पाण्यातून नाही नेली, नशीब. जुना पाना, बघून आले. नुसत्या ब्लोअरवर वास येतो, थोडा कमी. गाडीखाली पाणी: एक थेंब नाही. आणि वर्तमानपत्र, काका, उचलताना फाटलं इतकं ओलं झालं! मॅट रबरी असल्याने वरून काहीच कळत नव्हतं.

जुना पाना:

सापडलं. नळी तुंबली आहे. पाणी पेटीत साठतं, वळणावर हिंदकळतं आणि डावीकडून कार्पेटमध्ये उतरतं. म्हणजे तुमच्याकडे वास दोन आहेत, एक कॉइलचा आणि एक कार्पेटचा. फक्त कॉइल धुतली असती तर साडेआठ हजार देऊनही गोणपाट तसंच राहिलं असतं.

हेही बघा, कार्पेटचं पाणी चिकट आहे का, गोडसर वास आहे का, आतून काचेवर तेलकट धुकं येतं का. तसं असेल तर हीटरचं कूलंट गळतंय, ते वेगळं दुखणं. साधं पाणी असेल तर असं करा.

गाडी रॅम्पवर घेऊन नळी खालून मोकळी करायला सांगा. पातळ वायर किंवा हलकी हवा पुरते. पूर्ण दाबाने हवा मारू देऊ नका, नळी आतल्या बाजूने निसटते. मग कॉइल क्लीनरचा फेस, त्याच नळीतून वर किंवा फिल्टर काढून त्या खाचेतून. डबीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, काचा उघड्या, माणूस बाहेर. डॅशबोर्डला हात लावायचा नाही. फिनेल, ब्लीच, डेटॉल यातलं काही ओतू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, आणि ते वास बाबांना बुरशीइतकेच वाईट.

चाकोरी:

एवढं कशाला? घर यायच्या आधी तीन मिनिटं एसी बंद करून ब्लोअर फुल ठेवायचा, कॉइल वाळते. मी दहा वर्षं हेच करतो.

जुना पाना:

करावं, हिवाळ्या-उन्हाळ्यात उत्तमच. पण जुलैतल्या मुंबईच्या हवेने काही वाळतं का हो? टॉवेल वाळत नाही तिथे कॉइल काय वाळणार. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हीटर लावा, एसी बंद, पूर्ण गरम, दहा-पंधरा मिनिटं. यात एक गोम आहे. बहुतेक गाड्यांत हीटर कॉइलच्या पुढे बसवलेला असतो, म्हणजे हवा आधी कॉइलवरून जाते आणि मग तापते. बाहेरची हवा घेतलीत तर कॉइलला गारच हवा लागते. म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, तापलेली हवा परत कॉइलवरून जाते. वाफ बाहेर पडायला काचा दोन बोटं उघड्या ठेवा. हे मोकळ्या जागेत करा, तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून मुळीच नको. आणि तुम्ही बाहेर उभे राहा, आत भट्टी होते.

आंबटचुका:

नऊ दिवसांनी लिहितेय, कारण मधले दिवस कार्पेटने खाल्ले.

नळीत काय होतं सांगू? कुंभारीण माशीचं मातीचं घर! गॅरेजमधल्या पोराने वायर घातली, आधी माती पडली आणि मागोमाग दीड-दोन लिटर काळं पाणी, त्याच्याच बुटावर. नळी मोकळी करण्याचे त्याने ३०० घेतले, त्यात बुटाची भरपाईही आली असावी. फेस मी आणि नवऱ्याने घरी मारला. चिकटपणा, गोड वास काही नव्हतं.

कार्पेटचं मात्र कुणी आधी सांगायला हवं होतं. पुढची सीट काढावी लागली. कार्पेटखाली जाड नमद्यासारखा थर असतो, तो पिळला तर बादलीभर पाणी निघालं. गच्चीत वाळवायचा तर पाऊस. शेवटी हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर टाकला आणि पाच दिवस पंखा. पाहुणे आले होते, त्यांना वाटलं घरात काहीतरी मेलंय.

आता एसीचा वास गेला. शुक्रवारी हीटरही लावला, वॉचमन येऊन विचारून गेला की मॅडम, गाडी तापलीय का. बाबा काल मागच्या सीटवर बसले, पूर्ण वेळ काच वर. आई मात्र पुढे बसली आणि म्हणाली, "थोडासा आहे अजून." मला येत नाही. नमद्यातच राहिला असावा. तो पुन्हा वाळवू की नवा घेऊ?

जुना पाना:

आईंचं नाक खरं धरा. नवा घ्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर कार्पेटवाले मापाने कापून देतात, जुना तुकडा सोबत न्या. बंद पिशवीत न्या, रिक्षावाला उतरवेल.