हातोडी फेकायला निघालेल्यांनो, थांबा जरा (स्क्रू का खिळा?)

सुताराचा_नातू: परवा इथं एकानं लिहिलं, "खिळे ठोकणारा सुतार म्हणजे जुगाडू, चांगलं काम पायजे तर अख्खं घर स्क्रूवर करा." डोकं फिरलं म्हणून एवढं लिहून रायलो. आमचे आजोबा नागपूरच्या महाल भागात सुतारकाम करत, त्यांनी केलेल्या दिवाणाला 40 वर्षं झाली, सीपी साग (जुन्या मध्य प्रांतातला), कुसू-सालीचा जोड (एका लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत) आणि वरतून नुसते खिळे. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर, लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, खिळा त्याच्यासंगं जरा वाकतो पण तुटत नाही. तुमचा तो काळा ड्रायवॉल स्क्रू, आडवा जोर आला का मुंडकं कटकन हातात. छताच्या कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) खिळ्यांवर उभ्या राहतात त्या काहून बाप्पा?

लकडगंजकर: तो स्क्रू जिप्समच्या पाट्यांसाठी असतो, पलंगाला लावणाऱ्याची चूक, स्क्रूची नाही. आणि आजोबांच्या दिवाणात भार धरला कुसूनं, खिळा हजेरीपुरता होता. बाहेर खेचणारा जोर आला की खिळा सरकतो, स्क्रूचे आटे लाकूड धरून बसतात. माझी तीनदा बदली झाली, पलंग दरवेळी उघडून नेला. खिळ्यांचा पलंग जंबूर घेऊन उपटून पाहा एकदा.

धंतोलीची_ताई: स्क्रू स्क्रू करता, लावतं कोण पण? माझ्या किचनला आलेल्यानं ड्रिल गाडीतच ठेवली, स्क्रू हातोडीनं ठोकला आणि शेवटचे दोन आटे पेचकसनं फिरवले, मला दाखवायला! चार महिन्यांत दार बिजागरीसकट खाली, तेही महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगत बसलेली असताना.

रंधा_पटाशी: मी स्वतः सुतार आहे. स्क्रू ठोकला तर चूकच, तंतू फाटल्यावर आटे धरतील कशाले. पण ताई, काम ठेक्यानं दिलं होतं का रोजीनं? फुटामागं घासाघीस करता, मंग एकेका स्क्रूले आधी बारीक बिटनं भोक पाडायचा वेळ कोण देते? वरतून चहा मागितला का तोंड वाकडं.

धंतोलीची_ताई: चहा तीनदा दिला, तर्री-पोहे वेगळे! त्याच्या आधी रोजीनंच दिलं होतं, चार दिवसांच्या कामाला बारा दिवस लागले, त्यातला अर्धा वेळ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटण्यात.

रंधा_पटाशी: खर्रा खाल्ल्यानं हात वाकडा होत नाही. लॅमिनेट तुम्ही तीनदा बदलता ते दिवस कोणाच्या खात्यात टाकायचे?

धंतोलीची_ताई: एकदाच बदललं होतं. तुम्ही होता का तिथं?

लकडगंजकर: विषय खिळ्याचा होता राजेहो, खर्र्यावर कुठं पोचला.

सुताराचा_नातू: बिजागरीले स्क्रूच पायजे, याले मी नाही कुठं म्हटलं? पण बिडिंगच्या (कडेला लावायच्या) पट्टीले फेव्हिकॉल लावून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या का ते सुकेस्तोवर काम भागते, तिथंही स्क्रू पिळणाऱ्याले आपला दंडवत.

लकडगंजकर: बरं, बिडिंग तुम्हाला दिली. खूश? दिवाण नाही देत.

धंतोलीची_ताई: तुमच्या वाटण्या झाल्या असतील तर माझं दार कोण लावणार ते सांगा, अजून भिंतीला टेकवून ठेवलं आहे.

रंधा_पटाशी: रविवारी येतो. रोजीनं.

धंतोलीची_ताई: ठेक्यानं. आणि ड्रिल वर घेऊन यायची.