टिळक-आगरकरांचं उदाहरण उलटं पडतंय

मूळ मूल्यंच जुळत नसतील तर एकत्र राहण्यात अर्थ नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. टिळक-आगरकर तुम्ही फुटीचं उदाहरण म्हणून दिलेत, पण जरा सालं बघा ना राव. केसरी १८८१ ला निघाला, आगरकर पहिले संपादक, ते बाहेर पडले १८८७ ला, मग १८८८ ला आगरकरांनी स्वतःचं सुधारक हे पत्र काढलं, दोघं एकमेकांवर तुटून पडत होते तरी डेक्कन एज्युकेशन सोसायटी या त्यांच्या शिक्षणसंस्थेत एकत्र होतेच की, टिळक तिथून गेले १८९० ला. आणि तिथला मोठा वाद देवाधर्माचा नव्हताच, आजीव सभासदांनी, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांनी, बाहेरची कमाई करावी की नाही हा होता. म्हणजे पैसा!

आमच्या घरी काका पक्का नास्तिक. गणपतीत आरती सुरू झाली की हा स्वयंपाकघरात मोदकपात्राजवळ उभा, वाफेवर लक्ष ठेवून. आजीने एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही की नमस्कार केलास का, आणि यानेही तिला कधी लेक्चर दिलं नाही. मनातून दोघांना एकमेकांचं चुकतंय असंच वाटायचं, शंभर टक्के.

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून माणसांना मारलं, तिथे कसला आलाय मतभेद, तिथे 'दोन्ही बाजू ऐका' म्हणणारा सरळ मारणाऱ्याच्या बाजूचा. पण इथे आपलं जे चाललंय ते मोदकपात्रवालं भांडण आहे हो, महाडचं नाही.