गिर्यारोहण संस्थेसोबत उन्हाळी भटकंती : आपले अनुभव

वैशाखातल्या उन्हात सह्याद्री चढणे अनेकांना अवघड वाटते, तरीही गावोगावच्या गिर्यारोहण संस्था पहिल्या पावसापर्यंत मोहिमा काढत राहतात. अशा एखाद्या मोहिमेत पाणी, वेळ आणि सोबत यांची व्यवस्था कशी होती, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

कळसूबाई, एप्रिल

बारी गावातून आम्ही मध्यरात्रीनंतर निघालो, कारण 1646 मीटर उंचीचे हे शिखर गाठून ऊन चढण्याआधी खाली उतरायचे, हे संस्थेने आधीच ठरवले होते. प्रत्येकाकडे किमान तीन लिटर पाणी आहे की नाही, हे पाठपिशव्या उघडून पाहिले गेले. त्या वेळी ते थोडे जाचक वाटले, परंतु उतरताना त्याचे मोल कळले. मला सर्वांत भावला तो रांगेच्या शेवटी चालणारा स्वयंसेवक. माझी आई साठीची आहे आणि लोखंडी शिड्यांपाशी ती वारंवार थांबत होती, तरी त्याने एकदाही घाई केली नाही. प्रत्येक थांब्यावर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुढे केले आणि पुढच्या म्होरक्याला शिटीने थांबण्याची खूण दिली. सूर्योदय आईने माथ्यावरच्या देवळापाशी उभे राहून पाहिला.

राजमाची, मे अखेर

लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंतची वाट आम्ही संध्याकाळी चाललो. काजवे पाहायचे असल्याने सर्वांच्या विजेऱ्यांना लाल कागद लावलेला होता. काजव्यांचे लुकलुकणे ही जोडीदाराला दिलेली साद असते आणि प्रखर उजेडात ती हरवते, हे म्होरक्याने निघण्यापूर्वीच समजावले होते. झाडाखाली कोणी पायवाट सोडली नाही, फांदी हलवली नाही. काजव्यांसाठी होणारी बेशिस्त गर्दी पाहिलेल्या मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

हरिश्चंद्रगड, मे

पाचनईची वाट काही अंतर कड्याच्या पोटातून जाते, त्यामुळे सावली मिळते. केदारेश्वराच्या गुहेतले पाणी मे महिन्यातही अंगावर काटा आणणारे थंड होते. वाटेत करवंदे भरपूर मिळाली; गावातल्या मुलींकडून द्रोण विकत घ्यावेत, असा संस्थेचा आग्रह होता आणि तो मला पटला.

स्वयंसेवकाच्या नजरेतून

उन्हाळ्यात उन्हाइतकीच आग्या माश्यांची काळजी घ्यावी लागते. कड्यांना त्यांची मोहोळे असतात आणि धूर किंवा उग्र वासाने त्या चवताळतात, म्हणून आम्ही अत्तर, धूम्रपान आणि चूल या तिन्हींना मनाई करतो. एकदा कड्याखाली दुसऱ्या एका गटाने पेटवलेल्या चुलीचा धूर वर मोहोळाकडे जाताना दिसला. आम्ही त्यांना चूल विझवण्याची विनंती केली, आपल्या लोकांना शांतपणे मागे वळवले आणि माथा न गाठताच परतलो. एकानेही तक्रार केली नाही, कारण असे करावे लागू शकते, हे आदल्या बैठकीतच सर्वांना सांगितलेले होते.