मदत हवी आहे: सेंट जॉन्सच्या फुटबॉल प्रशिक्षकांचा इतिहास

नमस्कार. मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथे बेनेडिक्टाइन साधूंनी स्थापन केलेल्या सेंट जॉन्स या लहान महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकांविषयी मी लेख लिहीत असून, त्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

जॉन गलार्डी यांनी १९५३ ते २०१२ असे सलग साठ हंगाम हे पद सांभाळले आणि आधीच्या कॅरोल महाविद्यालयातील विजय धरून ४८९ सामने जिंकले. महाविद्यालयीन फुटबॉलमधील हा विक्रम आहे. सरावात एकमेकांना अंगावर झेपावून पाडायचे नाही, शिट्टी वाजवायची नाही, आणि खेळाडूंनी आपल्याला ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. अशा सौम्य शिस्तीतून चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. २०१३ पासूनची धुरा त्यांचेच सहायक गॅरी फॅशिंग यांच्याकडे आली.

माझी अडचण आधीच्या काळाची आहे. गलार्डींपूर्वी व्यावसायिक फुटबॉल गाजवलेले जॉनी मॅकनॅली प्रशिक्षक होते. त्यांच्याही आधीच्या प्रशिक्षकांची हंगामवार माहिती देणारे जुने वार्षिकांक किंवा वृत्तपत्रांची कात्रणे कोठे पाहता येतील? मिनेसोटातील मराठी मंडळींपैकी कोणी तेथील ग्रंथालयात चौकशी करू शकल्यास मी अत्यंत आभारी राहीन.