ड्वार्फ लोहाराला जादुई चिलखत घडवता यावं का? (पाथफाइंडर हा टेबलावरचा भूमिका-खेळ, पहिली आवृत्ती)

ऐरण_हातोडा
लेव्हल 7 चा ड्वार्फ फायटर. इंटेलिजन्स 10, क्राफ्ट (आर्मर) या कौशल्यात 7 रँक, 5व्या लेव्हलला मास्टर क्राफ्ट्समन ही फीट (खास क्षमता) घेतलेली, 7व्याची फीट अजून मोकळी. फुल प्लेट चिलखतावर जादूचा +1 आणि लाइट फॉर्टिफिकेशन (कधीकधी वर्मी घाव रोखणारा गुण) चढवायचंय. आमचा विझार्ड म्हणतो, ज्याला एक मंत्र येत नाही त्याने जादूच्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नये. जीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, नियम दाखव. काय दाखवू?

पाटीपेन्सिल
7व्याला क्राफ्ट मॅजिक आर्म्स अँड आर्मर घ्या. या फीटला कास्टर लेव्हल (मंत्र टाकण्याची पातळी) 5 लागते, आणि मास्टर क्राफ्ट्समनमुळे तुमचे 7 रँक कास्टर लेव्हल म्हणून धरले जातात. फायटरच्या बोनस फीटमध्ये मात्र ती बसवू नका, ती कॉम्बॅट फीट नाही.

खर्च: मास्टरवर्क (उत्तम कारागिरीची) फुल प्लेट 1650 जीपी (सोन्याची नाणी). जादूची किंमत म्हणजे एकूण बोनसचा वर्ग गुणिले 1000. +1 आणि फॉर्टिफिकेशनचा +1 धरून बोनस 2, म्हणजे 4000. घडवणाऱ्याला निम्मे, 2000. वेळ दर हजारी एक दिवस, म्हणजे 4 दिवस. डी अँड डीच्या 3.5 आवृत्तीत यावर 160 एक्सपीही (अनुभवाचे गुण) गेले असते. पाथफाइंडरने ती कटकट काढली हे बरंच केलं.

डीसी_तपासनीस
पैशांचं सोपं आहे, अडतं डीसीवर, म्हणजे कौशल्य आणि फासा मिळून गाठायच्या आकड्यावर. 5 अधिक वस्तूची कास्टर लेव्हल. लाइट फॉर्टिफिकेशनची 13, म्हणजे 18. त्याला लागणारा लिमिटेड विश किंवा मिरॅकल मंत्र तुमच्याकडे नाही, त्याचे +5. झाले 23.

तुमचा आकडा: 7 रँक, क्लास स्किलचे 3, मास्टर क्राफ्ट्समनचे 2. बारा. टेक 10 घेतलं (फासा न टाकता 10 धरले) तर 22. एकाने हुकलं, म्हणजे चिलखत निकामी, 2000 जीपी आणि चार दिवस पाण्यात. फासा टाकलात तर 11 लागतो, आणि 6 किंवा कमी आला की पाच किंवा जास्तने चुकून शापित वस्तू हातात येते. विसात सहा वेळा! मास्टरवर्क आर्टिझन्स टूल्स 55 जीपीला मिळतात, त्यांचे +2 धरून टेक 10 ला 24. काम होतं.

पण थांबा. जादुई चिलखताच्या नियमात म्हटलंय की बोनस आणि खास गुण दोन्ही असतील तर दोहोंपैकी मोठी कास्टर लेव्हल पुरी व्हायला हवी. तुमची 7, हवी 13. काही टेबलांवर हे चक्क ‘नाही’ असतं, काहींवर अजून एक +5, म्हणजे 28. तिथे 24 घेऊन बसलात तर पुन्हा माल वाया. हातोडा उचलण्याआधी जीएमकडून हे वदवून घ्या.

ऐरण_हातोडा
आणि जीएम 28 म्हणाला तर?

डीसी_तपासनीस
तर आत्ता साधं +2 करा. लागते कास्टर लेव्हल 6, तुमची 7, मंत्र एकही नाही, डीसी 11. झोपेतही होईल. किंमत तीच 4000. फॉर्टिफिकेशन पुढे त्याच चिलखतावर चढवता येतं, फक्त फरकाची किंमत भरायची: एकूण बोनस 3 चे 9000 वजा 4000, त्याचे निम्मे 2500.

कोळसा_भाता
विझार्डच्या मुद्द्याबद्दल. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत सुरुवातीला त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. 2014 च्या नियमात +1 चिलखत ‘रेअर’, घडवणारा लेव्हल 6 चा आणि स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या खेपा) असलेलाच हवा, 5000 जीपी रोज 25 च्या वेगाने, म्हणजे 200 दिवस. 2017 च्या पुरवणीत स्मिथ्स टूल्सची प्रवीणता पुरे झाली (किंवा आर्काना, म्हणजे जादूचं ज्ञान), 10 आठवडे, 2000 जीपी, आणि वर सीआर (प्राणी किती भारी त्याचा आकडा) 9 ते 12 च्या प्राण्याशी झुंजून मिळवलेला खास माल. 2024 मध्ये आर्काना आणि टूल्स दोन्ही लागतात. मला हाच तोडगा पटतो. लोहाराने थोडी पोथी वाचावी, पण पोथीवाल्यालाही घण मारता यायला हवा.

नाहीतर पाथफाइंडरचा विनोद बघा. तुमच्याच ड्वार्फने साधी मास्टरवर्क फुल प्लेट स्वतः ठोकायची म्हटली तर आठवड्याला टेक 10 चे 24 गुणिले प्लेटची डीसी 19, म्हणजे 456 चांदीच्या नाण्यांएवढं काम. 1500 जीपी, म्हणजे 15000 चांदीच्या प्लेटला 33 आठवडे, मास्टरवर्कच्या भागाला अजून 4. लोखंडाला 37 आठवडे आणि जादूला 4 दिवस! म्हणून प्लेट बाजारातूनच घ्या.

पाटीपेन्सिल
विझार्डला कामालाही लावता येतं. मंत्राची अट दुसऱ्या पात्राने पुरवलेली चालते. स्लिक (चिलखताचा निसरडेपणाचा गुण) हवं असेल तर तो ग्रीस मंत्र टाकेल, तुमचा +5 वाचेल. फक्त कामाच्या प्रत्येक दिवशी त्याचा तो स्लॉट खर्च होतो, हे त्याला आधीच सांगा.

ऐरण_हातोडा
विचारलं. 28 म्हणाला. +2 करतोय, टूल्स घेतलीत. विझार्ड स्लॉटचं भाडं मागतोय.