मदत हवी आहे: रानसशाचं मटण बारमाही खाण्यासारखं असतं का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकची. भाचा अमेरिकेत मिसुरीला शिकतो. तिथे लायसन्स काढून रानससे मारतात. घरमालकांनी त्याला थंडीत मारलेला एक ससा फ्रीजरमधून काढून दिलाय आणि हा पठ्ठ्या मला काळ्या मसाल्याचा रस्सा विचारतोय!

मला काळजी ट्युलरेमियाची, म्हणजे सशापासून माणसालाही होणाऱ्या एका आजाराची. त्याचा जंतू सशात असतो, गोचिडांतून पसरतो, आणि नुसत्या गोठवण्याने मरत नाही. तिथले जुने शिकारी म्हणे कडक थंडी पडल्याशिवाय ससा मारत नाहीत, कारण तोवर आजारी ससे मरून जातात, गोचीडही कमी होतात. पण तेवढ्यावर विसंबायचं का?

७४ अंश सेल्सिअसपर्यंत आतून शिजलं पाहिजे, हे मी त्याला सांगितलंय. हातमोजे घालूनच धुवायचं, कलेजीवर (यकृतावर) पांढरे ठिपके दिसले तर सगळाच टाकून द्यायचा, हेही. तरी कुकरला किती शिट्ट्या द्याव्यात? तव्यावरची कलेजी टाळावी का? तिकडे राहणाऱ्यांनी किंवा पशुवैद्यांनी कृपया सांगा.

(आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे ‘पेठ-सुरगाण्याकडे मिळतो’ असं कुणी सुचवू नका.)